पेटी : घरचे

महिपतरावांच्या दुकानात बसायला दोनच जागा होत्या. एक त्यांची स्वतःची पांढरी गादी आणि दुसरं गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं प्लास्टिकचं स्टूल. लागोपाठ तिसऱ्या दिवशी आलेली अश्लेषा आज उभीच होती, कारण स्टुलावर जरीच्या गोटा-किनारीच्या गुंडाळ्यांची थप्पी रचलेली होती. काल ती थप्पी तिथे नव्हती.

"काका, अर्धा तास झाला मला येऊन."

"दिसतंय. डोळे आहेत मला." महिपतरावांनी समोरच्या बाईंकडे वळून दोन बोटांत किनार ताणली. "देखिए बहनजी, ये धुलने के बाद भी ऐसी ही रहेगी. सूरत का माल हम रखते ही नहीं."

बाईंना आणखी चार किनारी बघायच्या होत्या. महिपतरावांनी आठ दाखवल्या. टोपी बाजाराची गल्ली बाहेर उन्हाने पांढरी पडली होती आणि दुकानातला कूलर बरोब्बर गादीच्या दिशेने लावलेला होता. अश्लेषाच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरला घाम सुटला होता.

त्या फोल्डरमध्ये एक कोरा दाखला होता. पुण्याच्या एका कॉलेजात कलावंतांसाठी सहा जागा राखून ठेवतात. अश्लेषाला संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि बारावीला पडले होते एकाहत्तर टक्के. खुल्या यादीत त्या कॉलेजचं दार अठ्ठ्याऐंशीलाच बंद होत होतं, त्यामुळे आत जायला ही एकच फट होती. पेटीवादनाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ तिने केव्हाच पाठवला होता. आता हवा होता अनुभवाचा दाखला: किमान तीन वर्षं सार्वजनिक कार्यक्रमांत साथ केली आहे, असं संस्थेच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी. तिची तर पाच वर्षं झाली होती. नया बाजारामागच्या मुरलीधराच्या देवळात दर एकादशीला तिचे आजोबा, नानाबुवा, कीर्तनाला उभे राहत आणि त्यांच्या मागे पेटीवर ती बसे. महिपतराव त्या देवळाचे चिटणीस. सही त्यांची, शिक्काही त्यांच्याच गल्ल्यात.

बाई काहीही न घेता उठून गेल्या, तेव्हा कुठे महिपतरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हां. बोल."

"काका, फक्त एक साइन. मंगळवारी पाच वाजता फॉर्म बंद होतोय."

"सोमवारी एकादशी. मंगळवारी फॉर्म. तुझ्या फॉर्मने पंचांग बघितलेलं दिसतंय." ते हसले नाहीत. "हे बघ पोरी, मी घोडदळाच्या पायगेतल्या घराण्यातला माणूस. आमच्याकडे हजेरीपटावर नाव असेल तर घोडा मिळायचा, नसेल तर पायी चल. वहीत असेल ते लिहून देतो. वहीत नसेल ते देव आला तरी देणार नाही."

"आहे न वहीत. मैंने एक भी एकादशी नहीं छोड़ी, काका."

"मराठीत बोल. देवळाचं काम आहे."

"मी एकही एकादशी सोडली नाही."

"मग बघू या की."

त्यांनी मागच्या फळीवरून लाल फडक्यात बांधलेली वही काढली, गाठ सोडली आणि पान तिच्याकडे फिरवलं. देवळाची ही वही फार जुन्या पद्धतीची होती. एकादशीच्या आदल्या दिवशी फुलवाल्याला हार सांगायचे, म्हणून चिटणिसाने ओळी घालायच्या: बुवा कोण, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. ज्याच्यापुढे नाव, त्याला हार. वर्षानुवर्षं हीच देवळाची नोंद होऊन बसली होती.

अश्लेषाने वाचलं. बुवा : नाना. तबला : तरुण. पेटी : घरचे.

तिने पान उलटलं. बुवा : नाना. तबला : तरुण. पेटी : घरचे. आणखी पाच पानं, आणखी दहा. तरुणच्या आधी तबल्यावर दुसरे कोणी होते, त्यांचंही नाव होतं. एकदा फक्त दोन महिन्यांपुरते आलेले एक टाळकरी होते, त्यांचंही होतं. पेटीपुढे सगळीकडे एकच शब्द.

"हे काय आहे?"

"अक्षर स्वच्छ आहे माझं."

"माझं नाव का नाही लिहिलं तुम्ही?"

महिपतरावांनी वही आपल्याकडे ओढली, चाळत पाच वर्षं मागे गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'पेटीस हार नको. बुवांच्या सांगण्यावरून. घरचे.'

"तुझ्या पहिल्या एकादशीला मी हार आणला होता," ते म्हणाले. "तेरा वर्षांची होतीस. छोटा, मोगऱ्याचा, मुद्दाम सांगून केलेला. तुझे नाना म्हणाले, घरचीच पोर आहे, तिला कसला मान, देवाला घाला. घातला देवाला. पाच वर्षं नको होता. आणि मग परवाच्या कार्तिकात काय केलं त्यांनी? मी त्यांच्या गळ्यात घातलेला हार भर सभेत उतरवून तुझ्या गळ्यात घातला. माझ्याकडे बघत. लोक काय समजले? महिपत एक हार वाचवतो. पुढे बसणाऱ्या शालिनीताईंनी तर तोंडावर विचारलं मला. एकवीस वर्षं त्या देवळाची समई विझू दिली नाही मी, आणि कंजूष ठरलो एका हारासाठी."

"त्यात माझी काय चूक?"

"तुझी कुणी काढली? वहीत नाव नाही. विषय संपला." त्यांनी फडक्याची गाठ मारली. "आणि हो, ती थप्पी बाजूला करून बसलीस तरी चाललं असतं. सांगायला लागतं का?"

*

किला गेटच्या त्यांच्या फ्लॅटच्या जिन्यात दिवसाही अंधार असतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत अश्लेषा धावत चढली आणि चपला न काढताच आत गेली.

नाना खिडकीशी झांजांची दोरी बदलत बसले होते. वय शहात्तर, पण आवाज अजून असा की पहिलं नामस्मरण सुरू झालं, की मागच्या रांगेतल्या बायका आपोआप पदर सावरून बसत. घरात मात्र हळू बोलत.

"तुम्ही सांगितलं होतं माझं नाव लिहू नका म्हणून?"

नानांनी झांज मांडीवर ठेवली. "नाव नको असं नव्हतो म्हणालो. हार नको म्हणालो."

"तिथे एकच गोष्ट आहे ती. तरुणदादाला वहीवरून दाखला मिळाला, त्यावर त्याला संगीत शाळेत नोकरी लागली. आणि मी कोण? घरचे. मतलब कोणीच नाही."

"अगं, आपल्या माणसाचा मान आपण कीर्तनाच्या गादीवरून करवून घ्यायचा नसतो. माझ्या गुरूंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या. यज्ञात देवाने पंगतीतली उष्टी पानं उचलली. त्याचं नाव कुठल्या वहीत होतं? सेवेची नोंद तिकडे असते." त्यांनी वर बोट केलं.

"तिकडची वही कॉलेज नाही मागत, नाना."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. तिची आई अपर्णा दारात येऊन उभी राहिली. बोलला तो राघव, अश्लेषाचा बाप. वीज कंपनीच्या ऑफिसातून येऊन तो शर्टाची बटणं काढत होता.

"मला सांगा नाना, नम्रता तुमची, मग उपास हिला का?"

"राघव," नाना म्हणाले.

"नाही, विचारतोय. लहानपणापासून बघतोय मी. मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही सरांना म्हणालात, त्याच्यापेक्षा दुसऱ्या मुलाची गरज मोठी आहे. तो कंपास अजून आठवतो मला. देवाने तुम्हाला दान करायला नेहमी आमच्याच वस्तू दिल्या." मग तो मुलीकडे वळला. "आणि तू. बी.कॉम.ला काय काटे आहेत? स्कूटीने दहा मिनिटं. पुण्याला जाऊन आकडे मोजायचेत, ते इथे नाही मोजता येत?"

"नाही येत."

"का?"

"क्योंकि यहाँ वो सब्जेक्ट ही नहीं है, पापा. तीन बार बता चुकी हूँ."

"चौथ्यांदा सांग. आवाज चढवून सांगितलंस की पटतं मला."

अपर्णा म्हणाली, "पोळ्या गार होताहेत."

अश्लेषा नानांच्या समोर खाली बसली. "मग कार्तिकात का घातलात हार? नव्हता घालायचा, तर नव्हता घालायचा."

नानांनी झांजांची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "मध्यंतराचं भजन चाललं होतं. महिपतरावांनी तरुणला हार घातला. तू भाता मारत होतीस आणि त्या हाराकडे बघितलंस. एकदाच. लगेच मान खाली घातलीस. पाच वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं ते. मग माझ्या गळ्यात तो राहीना."

"उशिरा दिसलं," राघव म्हणाला आणि हात धुवायला गेला.

*

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः निघाले. अश्लेषा बरोबर गेली, पण रिक्षात त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. दुकानात स्टूल रिकामं होतं. नानांना पाहून महिपतराव गादीवरून उठले नाहीत, मात्र कूलरचं तोंड हाताने स्टुलाकडे फिरवलं.

"महिपतराव, चूक माझी आहे," नाना म्हणाले. "पोरीचा दाखला अडवू नका."

"मी कुठे अडवलाय? वहीने अडवलाय."

"वही तुम्ही लिहिता."

"आणि सांगता तुम्ही." महिपतराव पुढे सरकले. "एक मार्ग आहे, बुवा. तुम्ही माझी अब्रू गादीवर उभं राहून घालवलीत. तिथूनच परत करा. सोमवारी कीर्तनात, मध्यंतराला, माईकवर. 'चिटणिसांचा हार उतरवला ही माझी चूक, महिपतरावांची मी माफी मागतो.' एवढं गादीवरून बोला, की वहीत मागच्या पाच वर्षांची एक ओळ मी माझ्या हाताने घालतो. खाली सही, शिक्का."

"काल तर म्हणालात, देव आला तरी नाही," अश्लेषा म्हणाली.

"देव नाही आला. बुवा आलेत."

नानांनी मान हलवली. "खाली हवं तर आत्ता तुमच्या पायाशी बसतो. गादीवरून जमायचं नाही. तिथे उभा राहिलेला माणूस नारदाच्या जागी असतो. तो देवाखेरीज कुणापुढे वाकत नाही, स्वतःसाठी काही मागतही नाही. हे मी नाही ठरवलं."

"खाली कोण ऐकतंय तुमचं?" महिपतराव म्हणाले. "खाली तर तुम्ही चांगलेच आहात. सगळं गाव सांगतं."

परतताना किल्ल्याखालच्या चढावर ई-रिक्षा कण्हत होती. अश्लेषा पहिल्यांदा बोलली.

"एक वाक्य आहे, नाना."

"हो."

"माझ्यासाठी सुद्धा नाही?"

नानांनी उपरणं मांडीवर सारखं केलं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं आणि घरापर्यंत तसंच ठेवलं.

*

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता देऊळ भरलं. ज्येष्ठातली एकादशी, उकाडा असा की समईच्या ज्योतीसुद्धा सुस्तावलेल्या. नाना रेशीमकाठी उपरणं घेऊन आले, गादीला हात लावून कपाळाला लावला आणि उभे राहिले. अश्लेषाने पेटी उघडली. ती आली होती ती फक्त ते वाक्य ऐकायला. हे तिने आईला सांगितलं होतं आणि आईने नानांना.

पण सूर धरल्यावर माणूस भांडू शकत नाही, हेही खरं. नानांनी पहिला आलाप घेतला आणि तिची बोटं सवयीने त्यांच्या मागे गेली. त्यांचा श्वास कुठे संपतो, कुठल्या शब्दावर ते मुद्दाम रेंगाळतात, ओवीच्या शेवटी कधी एक सूर खाली सोडतात, हे तिला ठाऊक होतं, जसं अंधाऱ्या जिन्याची कुठली पायरी मोडकी आहे हे ठाऊक असतं. पूर्वरंग झाला. कीर्तनाचा हा पहिला भाग उपदेशाचा, पण नानांचा उपदेश कुणाला बोचत नसे. आज ते अहंकारावर बोलले आणि सगळा वेळ स्वतःकडेच बोट दाखवत राहिले.

मग मध्यंतर. बुवा भजनाची एक ओळ लावून देतात, श्रोते ती उचलतात, टाळ्या धरतात, आणि त्या गजरात चिटणीस बुवांना बुक्का लावून हार घालतो. देवळात यापेक्षा गोड घटका नसते. महिपतराव तबक घेऊन पुढे आले. तबकात दोन हार होते. त्यांनी हार उचलला नाही. नानांच्या तोंडाकडे बघत ते नुसते उभे राहिले.

नानांनी हात वर केला. भजन थांबलं. अश्लेषाचा भाता अर्ध्यावर राहिला.

आणि नाना गादीवरून खाली उतरले.

पुढच्या रांगेतल्या शालिनीताईंनी तोंडावर हात ठेवला. गेली चाळीस वर्षं त्या ही कीर्तनं ऐकत होत्या. कीर्तन अर्धं असताना बुवा गादी सोडत नाही, आणि सोडली तर त्या दिवशी तिच्यावर पुन्हा चढत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नाना फरशीवर, महिपतरावांच्या समोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले. माईक मागे राहिला होता, पण तो आवाज माईकचा मिंधा नव्हता.

"कार्तिकात मी यांचा हार उतरवला. चूक झाली. महिपतराव, माफ करा. आणि दुसरं सगळ्यांनी ऐका. पाच वर्षांपूर्वी यांनी पेटीसाठी हार आणला होता, तो नको मीच म्हणालो. यांनी नाही. पाच वर्षं पेटीवर माझी नात आहे, अश्लेषा. तिचा मान मी खाल्ला, आणि त्याला मी नम्रता म्हणत आलो."

महिपतराव माईकच्या खांबाजवळच उभे होते, म्हणून ते हळू बोलले तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"बुवा, मी म्हटलं होतं गादीवरून."

"गादी माझी असती तर तिच्यावरून मागितली असती," नाना म्हणाले. "चूक माझी आहे. म्हणून जिथे मी नुसता माणूस म्हणून उभा राहतो तिथून मागितली."

लोक आपल्याकडे बघताहेत हे महिपतरावांना कळत होतं, आणि माणूस बघितला जातोय म्हणून जे करतो तेच त्यांनी केलं. हातातलं तबक पायरीवर ठेवलं. हार तसेच.

"अर्धं कीर्तन टाकून उठायची वेळ आणलीस, महिपत," शालिनीताई म्हणाल्या. "मुरलीधरापुढे."

"मी कुणाला उतरायला सांगितलं नव्हतं."

लोक उठू लागले. आरती झाली नाही, प्रसादाचा द्रोण कुणी मागितला नाही. नाना खांबाला टेकून बसले होते आणि तरुण त्यांना पाणी देत होता. पेटी बंद करून अश्लेषा सरळ महिपतरावांकडे गेली. ती रडेल असं त्यांना वाटलं असावं, कारण ते एक पाऊल मागे झाले.

"वही कुठे आहे?"

"कशाला?"

"फोटो काढायचेत. साइन नको मला तुमची."

"काढ," ते म्हणाले. "वही सगळ्यांची आहे. लपवायचं काय त्यात?"

देवळाच्या ओट्यावर बसून तिने पाच वर्षांची पानं एकेक करून मोबाइलमध्ये घेतली. महिपतराव शेजारी उभे राहिले. एका पानावर तिची सावली पडली तेव्हा ते म्हणाले, "तिरका धर. अक्षर नीट येऊ दे." ते वैराने म्हणाले की सवयीने, हे तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

*

मंगळवारी दुपारी तिने फॉर्म भरायला घेतला. दाखल्याच्या जागी पानांचे फोटो चढवले. खाली 'अधिक माहिती' असा एक छोटा चौकोन होता. राघव अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. कारण विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणाला. तो तिच्या खांद्यामागून वाचत होता.

तिने लिहिलं: 'सोबतच्या पानांवर पेटीपुढे घरचे असं लिहिलं आहे. घरचे म्हणजे मी. आजोबांच्या सांगण्यावरून माझं नाव लिहिलं गेलं नाही. चिटणिसांनी सही दिलेली नाही. त्यांचा नंबर खाली देत आहे, कृपया त्यांनाच विचारावं.'

"सही दिली नाही, हे कशाला लिहितेस? कोण लिहितं असं?"

"खरं आहे म्हणून."

"आणि नंबर त्याचाच? दुश्मनाचा? तरुणचा दे. शालिनीताईंचा दे."

"ते सगळे माझ्या बाजूने बोलणार, पापा. कॉलेज कशाला मानेल?" तिने बटण दाबलं. "आणि हर एकादशी हाजिर तर तेच होते न."

"तुझ्या आजोबांवर गेलीस," राघव म्हणाला. ही शिवी होती की काय, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

नाना सोमवारपासून देवळात गेले नव्हते. झांजा कपाटात ठेवून दिल्या होत्या. ते आणि अश्लेषा एकाच वेळी ताटावर बसत, पण मीठ मागण्यापलीकडे बोलत नसत.

पुढच्या मंगळवारी सकाळी कॉलेजची मेल आली. आजच दुपारी तीन ते चार या वेळात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना फोन केला जाईल. अश्लेषा अडीचलाच टोपी बाजारात पोचली. या वेळी स्टुलावर थप्पी होती. तिने ती उचलून काउंटरवर ठेवली आणि बसली.

"आता काय?"

"पुण्याहून फोन येईल तुम्हाला."

"येऊ दे."

"मी ऐकणार आहे."

"ऐक. मी वहीत आहे तेच सांगणार. तू समोर बसलीस म्हणून शब्द बदलणार नाही." त्यांनी वही काढली, फडकं सोडलं, मोबाइल वहीशेजारी ठेवला. एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असे.

साडेतीनला फोन वाजला. एका बाईंचा आवाज, कोरडा आणि कामाचा.

"आपण देवळाचे चिटणीस? एका विद्यार्थिनीच्या अर्जाबद्दल विचारायचं होतं. तुमच्या वहीत पेटीपुढे 'घरचे' असं लिहिलंय. हे कोण?"

"वहीत नाव नाही," महिपतराव म्हणाले.

"वहीत नाही ते मला दिसतंय, पानं माझ्यासमोर आहेत. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. तुम्ही स्वतः हजर असता का या कीर्तनांना?"

"एकवीस वर्षांत एकही एकादशी चुकवलेली नाही मी."

"मग तुम्ही बघितलंच असेल. पेटीवर कोण बसत होतं?"

कूलरचं पाणी टपटपत होतं. महिपतरावांनी वहीवर हात ठेवला. अश्लेषा त्यांच्याकडे बघत नव्हती, समोरच्या दुकानातल्या टोप्यांकडे बघत होती. काहीही झालं तरी विनवायचं नाही, हे तिने रिक्षातच ठरवलं होतं.

"अश्लेषा," ते म्हणाले. "बुवांची नात."

"पाचही वर्षं?"

"हो. म्हणजे, एक सोडून. दोन वर्षांपूर्वी श्रावणात हिला ताप होता. त्या दिवशी बुवांनी पेटीशिवाय केलं. आख्यानात एका ठिकाणी आवाज चढवून ते थांबले, मागून सूर येईल म्हणून. आला नाही." महिपतरावांनी वही मिटली. "ते वहीत नाही. मला आठवतं."

पलीकडे काही लिहिल्याचा आवाज आला. "ठीक. वादन आम्ही ऐकलंय, त्याबद्दल प्रश्न नव्हता. कागदच अडला होता. जागा तिच्या नावावर धरते. शुक्रवारपर्यंत मूळ गुणपत्रिका घेऊन यायला सांगा तिला."

"सांगतो."

फोन बंद झाला. अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने टोप्यांकडेच बघत पुसलं. महिपतराव फडक्याची गाठ मारू लागले. ती बसेना, म्हणून त्यांनी ती सोडून पुन्हा मारली.

"मी तुझ्यासाठी नाही बोललो."

"माहितीये."

"तुझ्या आजोबांसाठी तर अजिबात नाही."

"तेही माहितीये."

"मूळ गुणपत्रिका. शुक्रवारपर्यंत. ऐकलंस ना?"

"ऐकलं." ती उठली. थप्पी परत स्टुलावर ठेवली, होती तशी, सरळ. दुकानाच्या पायरीवर पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"येत्या सोमवारी एकादशी आहे. तू गुरुवारीच निघशील. पेटीवर कोण?"

"पेटीचं सोडा, काका. गादीवर कोण ते विचारा. नाना येत नाहीत आता."

"निरोप दे त्यांना. चिटणिसांनी बोलावलंय म्हणावं."

"मी नाही देणार निरोप." ती वळली. "ते सगळ्यांसमोर उतरले होते. तुम्हाला बोलवायचं असेल तर तुम्ही घरी या."

महिपतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांनी विचारलं, "कितवा मजला?"

"दुसरा."

"लिफ्ट?"

"नाही. जिन्यात अंधार असतो. वरून चौथी पायरी मोडकी आहे, भिंतीला धरून या."